वंशावळीचा अभिमान आणि नोंदवहीतील रिकामी जागा : थॉमस हार्डी यांच्या ‘टेस ऑफ द डर्बरव्हिल्स’ या कादंबरीचा पॅरिश अभिलेखांच्या संदर्भात चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :

थॉमस हार्डी (१८४०–१९२८) यांची ‘टेस ऑफ द डर्बरव्हिल्स’ ही कादंबरी १८९१ मध्ये ग्रंथरूपाने प्रकाशित झाली. भारतातील अनेक विद्यापीठांच्या इंग्रजी अभ्यासक्रमांतून तिचे अध्ययन-अध्यापन झालेले आहे. तिच्यावरील समीक्षेत प्रामुख्याने नियतीवाद, स्त्रीचे शोषण, व्हिक्टोरियन नीतिकल्पनांचा दांभिकपणा आणि ग्रामीण जीवनाचा ऱ्हास या अंगांची चर्चा होते. ही अंगे महत्त्वाची आहेतच. परंतु या कादंबरीच्या कथानकाला चालना मिळते ती एका अभिलेखीय शोधातून, याकडे तुलनेने कमी लक्ष दिले जाते. खेड्यातील एका किरकोळ व्यापाऱ्याच्या घराण्याचा शोध एक धर्मगुरू घेतो, आपला निष्कर्ष त्या व्यापाऱ्याला भर रस्त्यात सांगून टाकतो आणि पुढील सर्व अनर्थाचे बीज तेथे पडते.

इंग्लंडमधील ग्रामीण कारागीर व व्यापारी यांच्या कुटुंबांचा मागोवा घेण्याचे प्रमुख साधन म्हणजे चर्चच्या पॅरिशमधील जुन्या नोंदवह्या होत. ‘पॅरिश’ म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतील गाव व त्याभोवतीच्या वाड्या. उमरावांच्या वंशावळी आणि सामान्यांच्या नोंदवह्या हे दोन वेगळे अभिलेख आहेत. पहिल्या प्रकारच्या अभिलेखाचा अभिमान दुसऱ्या प्रकारच्या अभिलेखातील माणसांना कसा घातक ठरतो, हे हार्डी यांनी या कादंबरीत दाखवले आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

पॅरिश नोंदवही : उगम आणि मर्यादा :

आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने सप्टेंबर १५३८ मध्ये प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही ठेवण्याचा आदेश काढला. दर रविवारी वॉर्डनांच्या समक्ष नोंद करावी, वही कुलूपबंद पेटीत ठेवावी आणि नोंद चुकल्यास दंड भरावा, अशी ही व्यवस्था होती. यातून एखादा नवा कर उभा राहील, अशी शंका त्या काळी लोकांत होती. आरंभीच्या पुष्कळशा नोंदी कागदावर होत्या. १५९८ च्या सुमारास त्या चर्मपत्रावर उतरवून घेण्याची आज्ञा झाली. विशेषतः पहिल्या एलिझाबेथच्या राज्यारोहणापासूनच्या, म्हणजे १५५८ पासूनच्या, नोंदी उतरवाव्यात असे सांगितले गेल्याने अनेक गावांच्या उपलब्ध वह्या १५५८ पासूनच सुरू होतात. याच वेळी प्रत्येक वर्षाच्या नोंदींची प्रत बिशपकडे पाठवण्याचा नियम झाला. मूळ वही नष्ट झालेल्या ठिकाणी या प्रती आज अभ्यासकाच्या उपयोगी पडतात.

या नोंदींत खंडही आहेत. सतराव्या शतकाच्या मध्यातील यादवी युद्ध व प्रजासत्ताकाच्या काळात अनेक गावांची नोंद विस्कळीत झाली. १७५२ पूर्वी इंग्लंडचे अधिकृत वर्ष २५ मार्चला सुरू होत असल्याने जानेवारी-फेब्रुवारीतील तारखांचा अर्थ जपून लावावा लागतो. १७५३ च्या विवाहविषयक कायद्याने १७५४ पासून वधूवरांची व साक्षीदारांची सही किंवा निशाणी वहीत येऊ लागली. १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता. त्यातून निर्धनांना सूट असल्याने एखाद्या नावापुढे दारिद्र्याचा शिक्काही बसे. कारागिरांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा बदल १ जानेवारी १८१३ पासून झाला. तेव्हापासून छापील नमुन्यात बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाच्या व्यवसायाचा रकाना आला. त्याआधीच्या नोंदीत बहुधा मुलाचे आणि आईबापांचे नाव एवढेच असे. बाप गवंडी होता की मोलमजूर, हे तेथे कळेलच असे नाही.

अशा वेळी अभ्यासकाला नोंदवहीबाहेरच्या कागदांकडे वळावे लागते. १६०१ च्या गरीब कायद्यानुसार पॅरिशने आपल्या गरिबांना मदत देणे बंधनकारक होते आणि १६६२ च्या कायद्याने कोण कोणत्या पॅरिशचा, हे ठरवण्याची पद्धत घालून दिली. त्यातून मदतीचे हिशेब, रहिवासाचे दाखले, रहिवासासंबंधीच्या जबान्या, गावाबाहेर पाठवणीचे हुकूम, अनौरस मुलांच्या पोषणाचे करारनामे आणि उमेदवारीचे करार असे विपुल कागद निर्माण झाले. सामान्य माणूस अभिलेखात सविस्तर दिसतो तो बहुधा अडचणीत सापडल्यावर, हे यावरून लक्षात येते.

या साधनांच्या आधारे विसाव्या शतकात मोठे संशोधन झाले. फ्रान्समध्ये लुई आन्री यांनी विकसित केलेली ‘कुटुंब पुनर्रचना’ ही पद्धती ई. ए. रिग्ली यांनी डेव्हन परगण्यातील कोलिटन या पॅरिशला लावली. पुढे रिग्ली आणि रॉजर स्कोफील्ड यांनी ४०४ पॅरिशमधील नोंदींच्या आधारे १५४१ ते १८७१ या काळातील इंग्लंडच्या लोकसंख्येचा इतिहास १९८१ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. नावाच्या साम्यावरून दोन नोंदी एकाच माणसाच्या मानू नयेत, त्यासाठी काळ, ठिकाण, जोडीदार, व्यवसाय यांपैकी आणखी काही आधार हवा, ही या पद्धतीतील मूलभूत शिस्त होय. या शिस्तीच्या प्रकाशात हार्डी यांच्या कादंबरीतील संशोधनाकडे पाहणे उद्बोधक ठरते.

धर्मगुरू ट्रिंगम यांचे संशोधन :

मे महिन्याच्या उत्तरार्धातील एका संध्याकाळी जॉन डर्बीफील्ड हा मार्लॉट गावाकडे पायी चाललेला असतो. गावोगावचा माल घेऊन तो घोडागाडीने बाजारात पोचवणे, हा त्याचा धंदा. वाटेत भेटलेले धर्मगुरू ट्रिंगम त्याला ‘सर जॉन’ म्हणून संबोधतात. ट्रिंगम यांना पुराणवस्तूंची व जुन्या घराण्यांची आवड आहे. डर्बरव्हिल या सरदार घराण्याचा माग काढत असताना त्यांना जॉनच्या गाडीवर लिहिलेले ‘डर्बीफील्ड’ हे नाव दिसले. मग त्यांनी त्याच्या बापाची आणि आजाची चौकशी केली आणि त्यांची खात्री पटली.

येथे हार्डी यांनी शोधाची पद्धत अगदी थोडक्यात पण नेमकी दिली आहे. प्रारंभ नावाच्या साम्यापासून होतो. पुढे दोन पिढ्यांची चौकशी होते आणि त्यानंतर एकदम बॅटल अ‍ॅबे येथील नॉर्मन सरदारांची यादी, राजकोषाची हिशेबपत्रके, दुसऱ्या चार्ल्सच्या काळातील मानमरातब अशी सरदारांच्या अभिलेखांची रांग लागते. दुसऱ्या चार्ल्सचे राज्य १६८५ मध्ये संपले. तेथपासून जॉनच्या आजापर्यंतच्या काळात काय घडले, कोणता सरदारपुत्र कोणत्या खेड्यात उतरला, त्याची मुले कोणत्या वहीत नोंदली गेली, याबद्दल धर्मगुरू काहीही सांगत नाहीत. ज्या काळासाठी पॅरिशच्या नोंदवह्या सर्वांत उपयोगी पडल्या असत्या, नेमका तोच काळ त्यांच्या कथनात कोरा आहे. वास्तविक अशा वह्या धर्मगुरूंच्याच ताब्यात असत.

दुसरी बाब शोधाच्या हेतूची. ट्रिंगम यांना जॉनच्या कुटुंबाविषयी आस्था नाही. त्यांचे लक्ष डर्बरव्हिल घराण्यावर आहे आणि जॉन हा त्या घराण्याचा अखेरचा अवशेष म्हणून त्यांच्या टिपणात बसतो. आता मी काय करावे, असे जॉन विचारतो तेव्हा ऐहिक वैभवाच्या नश्वरतेचे चिंतन करण्यापलीकडे त्यांच्यापाशी सल्ला नसतो. परगण्यातील अनेक झोपड्यांतून अशीच घराणी आहेत, हेही ते सांगतात. हार्डी यांच्यासमोर याचा वास्तव आधार होता. जॉन हचिन्स यांनी लिहिलेल्या डॉर्सेट परगण्याच्या विस्तृत इतिहासातील वंशावळींचे हार्डी हे बारकाईने वाचन करणारे वाचक होते. बिअर रेजिस येथील चर्चमध्ये ज्यांच्या कबरी आहेत, त्या टर्बरव्हिल घराण्यावरून त्यांनी कादंबरीतील घराणे बेतले.

या शोधाच्या शेजारी हार्डी यांनी दुसरा एक शोध ठेवला आहे. सायमन स्टोक हा पैसेवाला व्यापारी ब्रिटिश म्युझियममध्ये बसून नष्ट झालेल्या घराण्यांवरील ग्रंथ चाळतो आणि आपल्या नावाला ‘डर्बरव्हिल’ हे नाव जोडून घेतो. अ‍ॅलेक हा त्याचाच मुलगा. एकाकडे नावाचा अपभ्रंश आहे पण पैसा नाही. दुसऱ्याकडे पैसा आहे म्हणून नाव ग्रंथातून उचलता येते. टेसला ‘नातेवाइकांकडे’ पाठवले जाते ते या दुसऱ्या, बनावट घराकडे. वंशावळ ही कागदावर विश्वास ठेवणाऱ्याला फसवू शकते, हा मुद्दा हार्डी यांनी कथानकातूनच सिद्ध केला आहे.

डर्बीफील्ड कुटुंबाचा खरा इतिहास :

जॉनच्या घराचा खरा इतिहास कादंबरीत आहे, मात्र तो ट्रिंगम यांच्या टिपणात नाही. टेस आणि तिच्या पाठची लायझा-लू यांच्यात चार वर्षांहून अधिक अंतर आहे, कारण मधली दोन भावंडे तान्हेपणीच गेली, असे निवेदक सहज सांगून जातो. कुटुंब पुनर्रचना करणाऱ्या अभ्यासकाला बाप्तिस्मा आणि दफन यांच्या नोंदी समोरासमोर ठेवल्यावर जे कळते, ते हेच. प्रिन्स हा घोडा अपघातात मरतो आणि कुटुंबाचा धंदाच बसतो. ज्याच्या घरी एकच घोडा आहे त्या व्यापाऱ्याच्या सुस्थितीत आणि दारिद्र्यात अंतर किती थोडे असते, हे या प्रसंगातून स्पष्ट होते.

त्याहून महत्त्वाचा आहे घराचा पट्टा. डर्बीफील्ड कुटुंब ज्या घरात राहते ते हयातीच्या पट्ट्यावर घेतलेले आहे. अशा पट्ट्यात साधारणपणे तीन व्यक्तींची नावे असत आणि त्यांतील शेवटची व्यक्ती मरेपर्यंत घर कुटुंबाकडे राही. जॉन ही तिसरी हयात. तो मरताच पट्टा संपतो. कादंबरीच्या उत्तरार्धात हार्डी थांबून सांगतात, की खेड्यात पूर्वी सुतार, लोहार, चांभार, किरकोळ विक्रेता असा शेतमजुरांहून थोडा वरचा एक वर्ग होता. त्याच्याकडे असे पट्टे होते आणि गावाच्या परंपरा त्याने जपल्या होत्या. पट्टे संपताच घरे मालकांकडे जात, ती शेतमजुरांसाठी वापरली जात किंवा पाडली जात आणि हा वर्ग शहराकडे ढकलला जाई. १८८३ मध्ये डॉर्सेटच्या शेतमजुरांवर लिहिलेल्या निबंधातही त्यांनी हेच निरीक्षण नोंदवले होते. एकाच पॅरिशच्या वहीत चार-पाच पिढ्या सापडतात त्या कुटुंब एका जागी टिकले म्हणून. तो टिकाव नाहीसा होताच वहीतील धागाही तुटतो.

नोंद न झालेले मूल :

प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने कादंबरीतील सर्वांत निर्णायक प्रसंग टेसच्या मुलाच्या मृत्यूचा आहे. बाळ रात्री अत्यवस्थ होते. त्याचा बाप्तिस्मा झालेला नाही, या विचाराने टेस व्याकुळ होते आणि धर्मगुरूंना बोलावण्याची परवानगी मागते. परंतु जॉन नुकताच गुत्त्यावरून आलेला असतो. आपल्या घराण्याच्या थोरवीची जाणीव त्या वेळी त्याच्या मनात सर्वांत तीव्र असते आणि टेसमुळे त्या थोरवीला लागलेला डाग त्याला तितकाच बोचत असतो. तो दाराला कुलूप लावतो. कोणाही धर्मगुरूने आपल्या घरात डोकावू नये, अशी त्याची भूमिका असते.

येथे दोन अभिलेखांची गाठ पडते. ट्रिंगम यांनी सांगितलेली वंशावळ जॉनच्या डोक्यात नसती, तर ते दार त्या रात्री बहुधा उघडले असते. उमराव घराण्याचा कागदोपत्री अभिमान एका व्यापाऱ्याच्या नातवाला पॅरिशच्या वहीबाहेर ठेवतो. टेस मग धाकट्या भावंडांना जमवून स्वतःच पाण्याने बाळाचा बाप्तिस्मा करते आणि त्याचे नाव ‘सॉरो’, म्हणजे दुःख, असे ठेवते. पहाटे बाळ जाते.

अडचणीच्या प्रसंगी सामान्य माणसाने केलेला बाप्तिस्मा इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेत ग्राह्य धरला जाई. म्हणून गावातील नव्या धर्मगुरूंना टेस जो प्रश्न विचारते तो भाबडा नाही. तिने केलेला विधी त्यांनी केल्यासारखाच मानला जाईल काय, असे ती विचारते आणि ते मनाच्या ओलाव्याने होकार देतात. मात्र ख्रिस्ती विधीने दफनाचा प्रश्न येताच ते अडखळतात. बाप्तिस्मा न झालेल्यांसाठी दफनविधी वापरू नये, असा प्रार्थनाग्रंथाचा दंडक होता. विधी मान्य, पण त्याचा जाहीर परिणाम अमान्य, अशी ही भूमिका आहे. अखेर कंदिलाच्या उजेडात, खड्डा खणणाऱ्याला एक शिलिंग आणि बिअर देऊन, बाप्तिस्मा न झालेली मुले, दारुडे आणि आत्महत्या करणारे यांच्यासाठी राखलेल्या कोपऱ्यात बाळाला पुरले जाते. टेसने दोन पट्ट्या दोरीने बांधून केलेला क्रूस आणि मुरंब्याच्या बरणीत ठेवलेली फुले, एवढीच त्याची खूण राहते.

विशेष म्हणजे १८९१ मध्ये ‘द ग्राफिक’ या साप्ताहिकात कादंबरी क्रमशः आली तेव्हा हा प्रसंग तीत नव्हता. हार्डी यांना तो मे १८९१ मध्ये ‘फोर्टनाइटली रिव्ह्यू’ या नियतकालिकात स्वतंत्रपणे छापावा लागला आणि पुस्तकात तो पुन्हा जोडला गेला. वहीतून वगळलेल्या मुलाला साप्ताहिकाच्या वाचकांपासूनही काही काळ दूर ठेवले गेले.

हार्डी यांचे स्वतःचे घराणे :

हार्डी यांना हा विषय घरातूनच परिचित होता. ते डॉर्सेटमधील स्टिन्सफर्ड पॅरिशमधल्या हायर बॉकहॅम्प्टन या वाडीत जन्मले. आजोबा थॉमस (१७७८–१८३७) आणि वडील थॉमस (१८११–१८९२) हे गवंडीकाम करणारे. तिसरे थॉमस म्हणजे स्वतः कादंबरीकार. एकाच नावाच्या तीन पिढ्या एकाच पॅरिशमध्ये असल्यावर केवळ नावावर विसंबून चालत नाही, याचे हे बोलके उदाहरण आहे. वडिलांचा जन्म १८११ चा, म्हणजे व्यवसायाचा रकाना येण्यापूर्वीचा. आई जेमायमा हँड यांचा जन्म १८१३ चा, म्हणजे तो रकाना आला त्याच वर्षीचा.

या घराण्याच्या नोंदी काही अवघड गोष्टीही सांगतात. हार्डी यांच्या आईवडिलांचा विवाह मेलबरी ऑस्मंड येथे २२ डिसेंबर १८३९ रोजी झाला आणि हार्डी यांचा जन्म २ जून १८४० चा. आजी एलिझाबेथ यांना वैधव्यानंतर पॅरिशकडून गरिबांसाठीची मदत घ्यावी लागली होती. असे असता हार्डी यांनी स्वतः लिहिलेल्या, परंतु पत्नीच्या नावावर १९२८ व १९३० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झालेल्या चरित्रात आपल्या घराण्याचा संबंध जर्सी बेटावरील ‘ल हार्डी’ या प्रतिष्ठित कुळाशी जोडला आहे. आईच्या बालपणीच्या हलाखीचा उल्लेख तेथे मोघम येतो. रॉबर्ट गिटिंग्ज यांनी १९७५ मधील आपल्या चरित्रग्रंथात हार्डी यांनी झाकलेल्या या गरीब आप्तांकडे लक्ष वेधले.

हार्डी यांच्यावर दांभिकतेचा आरोप करून हा मुद्दा सोडून देणे योग्य ठरणार नाही. जॉनच्या मोहाची ताकद त्यांना ठाऊक होती, कारण तो मोह त्यांच्यातही होता, असे म्हणणे अधिक न्याय्य होय. याच कारणाने कादंबरीत एक अंतर्विरोधही राहिला आहे. कथानक वंशावळीची निरर्थकता दाखवते, पण वेलब्रिज येथील जुन्या घरातील डर्बरव्हिल स्त्रियांच्या चित्रांत टेसचा चेहरा दिसतो आणि घराण्याच्या बग्गीची अशुभ दंतकथाही पुन्हापुन्हा डोकावते. ट्रिंगम यांना ज्यासाठी पुरावा देता आला नाही, त्याला निवेदक रक्ताच्या गूढ वारशाचा आधार देतो. चिकित्सक वाचकाला ही कादंबरीची मर्यादा म्हणून नोंदवावी लागते.

निष्कर्ष :

१) धर्मगुरू ट्रिंगम यांचा शोध नावाचे साम्य आणि दोन पिढ्यांची चौकशी यांवर उभा आहे. कुटुंब पुनर्रचनेच्या शिस्तीत तो टिकत नाही.

२) डर्बीफील्ड कुटुंबाचा खरा इतिहास तान्ह्या मुलांचे मृत्यू, एकुलता घोडा आणि संपलेला पट्टा यांत आहे. सरदारांच्या याद्यांत तो सापडत नाही.

३) सॉरोच्या बाप्तिस्म्याची नोंद न होण्याचे निकटचे कारण वंशाचा अभिमान हे आहे. कथानकातील हा कार्यकारणभाव समीक्षेत अधिक ठळकपणे मांडला जाणे आवश्यक आहे.

४) नोंदवही ही वंशावळीपेक्षा अधिक समावेशक असली तरी ती निष्पक्ष नाही. तिच्यात कोण येणार हे दाराशी उभ्या असलेल्या माणसांवर अवलंबून होते. म्हणून ग्रामीण कुटुंबाचा माग काढणाऱ्याने नोंदी जेवढ्या काळजीने वाचाव्यात, तेवढ्याच काळजीने त्यांतील रिकाम्या जागाही वाचाव्यात.

जॉन गेल्यानंतर जुन्या लेडी-डेला, म्हणजे ६ एप्रिलला, कुटुंब घराबाहेर पडते. त्यांना किंग्जबिअर येथे खोली मिळत नाही आणि पूर्वजांच्या कबरी असलेल्या चर्चच्या भिंतीलगत पलंग मांडावा लागतो. पुढे एंजल क्लेअर मार्लॉटला येतो तेव्हा त्याला सासऱ्याच्या कबरीवरील शिळा दिसते. तिच्यावर जॉनचे नाव, त्याचे ‘खरे’ आडनाव आणि नॉर्मन सरदारापासूनची परंपरा कोरलेली आहे. शिळेचे पैसे मात्र दिलेले नाहीत, असे त्याला कळते. एंजल त्या कारागिराच्या घरी जाऊन पैसे चुकते करतो. गवंड्याच्या मुलाने लिहिलेल्या या कादंबरीत डर्बरव्हिल वंशाचा तो अखेरचा लेख गावातल्या एका कारागिराच्या थकलेल्या मजुरीवर उभा होता.